हिल्लाची ओटी

"ह्यो एवढा ढीग कुनासाठी म्हनं?" आत्याबाईंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता फावडं बर्फात खुपसलं.

गोठलेल्या सायमा तळ्यावर आम्ही दहा-पंधरा जण सकाळपासून बर्फ ढकलत होतो. फिनलंडमधला जानेवारी, अंगावर कपड्यांचे थर, नाकाचा शेंडा जागेवर आहे की गळून पडला हे मधूनमधून चाचपून बघायचं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सुना सासूला आत्याबाईच म्हणतात. भोगावतीच्या काठावरचं गाव सोडून त्या पहिल्यांदाच परदेशात आल्या होत्या, आणि आल्या त्या ऐन थंडीत, कारण बर्फ बघायचा हट्ट त्यांचाच होता. लुगड्याखाली माझ्या नवऱ्याची, रणजितची लोकरी पँट, पायांत त्याचेच बूट, डोक्याला कानटोपी आणि टोपीवरून पदर. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी डोक्यावरचा पदर काही सुटला नव्हता.

"सीलसाठी," मी म्हटलं.

"ते काय असतंय?"

"पाण्यातलं जनावर. अंगावर गोल गोल कड्यांची नक्षी. सील सगळ्या समुद्रात असतात, पण ही जात गोड्या पाण्यातली. साऱ्या जगात फक्त या एकाच तळ्यात उरलीय, तीही काही शेकडेच."

"आनि त्यास्नी ढीग कशाला?"

मी समजावून सांगितलं. काठाला वाऱ्याने बर्फाचा उंचवटा साचला की मादी खालून, पाण्यातून वर येते, तो आतून पोखरून खोली करते आणि खोलीत पिल्लू घालते. वर छप्पर असलं की पिल्लू उबेत राहतं, कोल्ह्याला दिसत नाही. पण अलीकडे बर्फच पुरेसा पडत नाही. म्हणून माणसांनी काठाला असे ढीग घालून ठेवायचे.

आत्याबाईंचं फावडं थांबलं.

"म्हंजे ही बाळंतिनीची खोली म्हन की."

"तसंच समजा."

"मग आधी न्हाई का सांगायचं! मला वाटलं, रस्ता मोकळा करालाय."

त्यानंतर दुपारपर्यंत त्यांनी फावड्याला उसंत दिली नाही. गावाकडे गवताची गंज रचावी तसा त्यांनी आपल्या बाजूचा ढीग रचला, टोकदार, चापूनचोपून. मग हेल्मी आली. हेल्मी आमची शेजारीण, सत्तरीची, एकटी राहणारी, बोलण्यात भलतीच काटकसरी. या खाडीतल्या कामाची जबाबदारी तिच्यावर होती. तिने ढिगाकडे पाहिलं आणि फावड्याच्या पाठीने टोक सपाट करून टाकलं.

आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने आत्याबाईंकडे पाहिलं.

"पसरट पाहिजे," हेल्मी म्हणाली. मी मराठीत सांगितलं.

"पसरट तर पसरट," आत्याबाई म्हणाल्या. "खोली तिच्या सैपाकघरातली न्हाई, पन सांगनारी तीच. करू या तिच्यासारखं."

ढीग पुरा झाल्यावर हेल्मीने थर्मासमधली कॉफी ओतली आणि कधी नव्हे ती बोलली. या खाडीत एकच मादी विते. नाव हिल्ला. हेल्मीने तिला ती पिल्लू असल्यापासून पाहिलेलं, अंगावरची कडी तोंडपाठ. हिल्लासाठी हेल्मीने स्वतःची मासेमारीची जाळी कधीच माळ्यावर टाकली होती. पण मागचे दोन्ही हिवाळे कोरडे गेले. एका वर्षी पिल्लू उघड्या बर्फावर गारठून मेलं, दुसऱ्या वर्षीचं कोल्ह्याने नेलं.

"हिल्ला म्हातारी होत चाललीय," हेल्मी म्हणाली. "यंदाचं जगायला पाहिजे." मग तिने सगळ्यांना बजावलं, "आता इकडे कुणी फिरकायचं नाही. तिला बर्फातून पावलं ऐकू येतात. घर करून द्यायचं आणि निघून जायचं."

मी ते शब्द न् शब्द आत्याबाईंना सांगितलं.

"बरोबर हाय की," त्या म्हणाल्या. "बाळंतिनीच्या खोलीत गर्दी कशाला?"

त्या दिवसापासून दोघींचं जे जमलं ते बघण्यासारखं होतं. मी गावच्या वाचनालयात कामाला जायची, रणजित कारखान्यात. घरी एकट्या आत्याबाईंना करमेना, की त्या उठून हेल्मीकडे. हेल्मीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडीपलीकडच्या टोकावरचा ढीग दिसायचा. दोघी तिथे दुर्बीण मध्ये ठेवून बसायच्या. हेल्मी मोजे विणायची, आत्याबाई तिला शेतातल्या गोष्टी सांगायच्या, मराठीतून. हेल्मी अधूनमधून "यो, यो" म्हणायची. फिनिशमध्ये तो हुंकार आहे, पण आत्याबाईंना वाटायचं ती त्यांना "ये, ये" म्हणून बोलावतेय, आणि त्या खुर्ची आणखी पुढे ओढायच्या. आमच्याकडून भाकरी जायची, तिच्याकडून धुरावर भाजलेले बोटाएवढे मासे यायचे.

एका संध्याकाळी जेवताना आत्याबाईंनी विचारलं, "ती कवा वितीया म्हनली हेलमाबाई?"

"फेब्रुवारीच्या शेवटी कधीतरी."

"म्हंजे दिवस भरत आलं की." जरा थांबून त्या म्हणाल्या, "मग तिची ओटी?"

रणजितला ठसका लागला. मीही हसले. "आत्याबाई, सीलची कसली ओटी?"

"न्हाई, आपलं इचारलं."

एरवी त्यांनी आम्हा दोघांनाही चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी गप्प बसल्या आणि ताटातला भात कालवत राहिल्या.

फेब्रुवारी अर्धा उलटला असेल. मी वाचनालयात पुस्तकं लावत होते आणि हेल्मीचा फोन आला. हेल्मी फोन करत नाही. तिने एवढंच म्हटलं, "ये."

मी गेले तेव्हा ती खिडकीशी दुर्बीण घेऊन उभी होती. चेहरा पांढरा पडलेला. दुर्बीण तिने माझ्या हातात दिली.

ढिगाच्या भोवती पावलांची बारीक रांग होती, एकामागे एक, सुईदोऱ्याने टाके घालावेत तशी. कोल्हा. ढिगाच्या एका अंगाला त्याने उकरलेलंही दिसत होतं. आणि ढिगाच्या पायथ्याशी काहीतरी हिरवं पडलं होतं.

"ते हिरवं काय आहे?" हेल्मीने विचारलं. "काल सकाळी नव्हतं."

मी दुर्बीण नीट जुळवली. हिरवा खण होता, लाल काठाचा. शेजारी नारळ.

मला हसू आलं, आणि लगेच त्या उकरलेल्या जागेकडे लक्ष गेलं. "मी आलेच," म्हणून घराकडे पळाले.

आत्याबाई मसुरीतले खडे वेचत बसल्या होत्या.

"आत्याबाई, ढिगाकडे गेला होता?"

"व्हय," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "काल दुपारी. तू कामावर गेल्यावर."

"जायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"ते बघ्यांस्नी सांगितलं हुतं. ओटी भराय जानं म्हंजे काय फिरकनं हुतंय व्हय? आनि बर्फावरनं न्हाई गेलो. रानातनं, काठाकाठानं गेलो. पाय वाजू दिला न्हाई. ठिवली, हात जोडलं, आलो."

"काय काय ठेवलं?"

"खन, नारळ, तांदूळ, खारीक, हळकुंड. आनि चार मासं."

"मासे?"

"आगं, ती मासं खानारी. निस्त्या नारळाचं ती काय करील? हेलमाबाईनंच दिल्यालं हुतं, धुरावरचं."

मी खुर्चीत बसले. "आत्याबाई, त्या माशांच्या वासाने कोल्हा आलाय. ढीग उकरलाय त्याने."

मसुरीतला त्यांचा हात थांबला.

"बाळ नेलं?"

"माहीत नाही. जन्मलंय की नाही तेही माहीत नाही."

त्या उठल्या, कानटोपी घातली आणि माझ्याआधी दाराबाहेर पडल्या.

हेल्मीला मी सगळं सांगितलं. ओटी म्हणजे काय, ती कुणाची भरतात, कशासाठी. ती ऐकत राहिली. तिला राग आला होता की नाही मला कळेना. ती माणसं रागावली तरी आवाज चढत नाही. शेवटी ती म्हणाली, "ते सामान तिथे राहिलं तर कोल्हा परत येणार. आपण उचलायला ढिगाशी गेलो तर हिल्ला घाबरून पाण्यात जाईल आणि पिल्लू असेल तर ते एकटं राहील."

"मग?"

ती बाहेर गेली आणि पडवीतून छपरावरचा बर्फ ओढायचा दांडा घेऊन आली. तिकडे घरोघरी असतो तो, चार माणसं उभी राहतील एवढा लांब, टोकाला आडवी फळी. टोकावरच्या खडकावर पालथं पडून या दांड्याने सामान वर ओढायचं, ढिगाला धक्का न लावता. हेल्मीचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून तिने दांडा माझ्याकडे धरला.

आत्याबाईंनी तो मधेच घेतला. "मी ठिवलंय, मीच काढनार."

आम्ही तिघी रानातून गेलो. हेल्मी पुढे, तिच्या पावलात आत्याबाईंचं पाऊल, त्यात माझं. कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही. खडकाशी पोचल्यावर आत्याबाई लुगड्यासकट पालथ्या पडल्या. हेल्मीने त्यांचा एक पाय धरला, मी दुसरा.

खण आधी आला, अगदी शहाण्यासारखा. तांदूळ बर्फात कधीच मिसळले होते, मासे कोल्ह्याने चाटूनपुसून नेले होते. खारकांची पुरचुंडी आली. राहिला नारळ. फळी जवळ नेली की तो गडगडत एक वीत पुढे जायचा, थेट ढिगाच्या दिशेने. आत्याबाईंचा श्वास अडकलेला मला त्यांच्या पायातून कळत होता. एकदा फळी घसरून बर्फावर आपटली आणि आम्ही तिघीही दगड झालो. ढिगाखालून काही आवाज नाही. पाण्याचा डुबुक नाही, काही नाही. हेल्मीने डोळे मिटून घेतले होते.

शेवटी आत्याबाईंनी फळी नारळाच्या पलीकडे नेऊन अलगद टेकवली आणि इंचाइंचाने तो ओढून आणला. हातात आला तेव्हा त्याच्या शेंडीवर बर्फाची फुलं धरली होती.

आम्ही हेल्मीच्या स्वयंपाकघरात परतलो. तिने कॉफी ठेवली. आत्याबाई ओला खण मांडीवर घेऊन बसल्या आणि त्याच्या घड्या घालत, मोडत राहिल्या.

"तिला सांग," त्या मला म्हणाल्या, "माज्या हातनं इपरीत झालं."

"मासे होते म्हणून कोल्हा आला, आत्याबाई. पुढच्या वेळी..."

"मासं न्हवं गं. हात." त्यांनी आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. कामाने चिरलेले, हळदीने पिवळट झालेले. "ह्या हातानं ओटी भरायची नसतीया. तुजं मामंजी गेल्यापास्नं मी कुनाची भरली न्हाई. भरूच दिली न्हाई कुनी. आपली शोभा पैल्या खेपंला आली, सातव्यात तिचा कार्यक्रम केला. सगळं गाव जेवलं. पुरनपोळ्या माज्या हातच्या चालल्या, पन ओटीला मी सैपाकघरात. माजी लेक ती. दाराआडनं बघितलं मी."

मला शोभावन्संचा तो कार्यक्रम आठवत होता. फोटोंचा सगळा अल्बम मी पाहिला होता आणि त्यात आत्याबाई का नाहीत, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

"वाटलं, हितं कोन बघतंय?" त्या म्हणाल्या. "मुक्या जितराबाला काय कळतंय, कपाळाला कुकू हाय का न्हाई. दोन खेपा बिचारीच्या रिकाम्या गेल्या. मनापास्नं भरली बग सरूपा. आनि लगीच कोल्हा आला."

मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्याकडे सासवासुना एवढ्या सहज मिठ्या मारत नाहीत. मी हेल्मीकडे वळून सगळं फिनिशमध्ये सांगितलं. काही शब्द तर त्या भाषेत नव्हतेच. सवाष्ण नव्हता, विटाळ नव्हता, अपशकुनही जेमतेम सापडला.

हेल्मीने कपाळाला आठ्या घातल्या. "नवरा मेला म्हणून?"

"हो."

"तिने मारला?"

"नाही गं! तापाने गेले."

हेल्मीने कॉफीचा घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं, आणखी एक घोट घेतला. मग म्हणाली, "हिला सांग, कुणाचा नवरा जिवंत आहे न् कुणाचा मेलाय, हे कोल्ह्याला कळत नाही. त्याला मासे कळतात."

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

आत्याबाईंच्या पोटातून हसू आलं, दबत नाही असं, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचं की कसलं हे कळायला मार्ग नव्हता. हेल्मीने खुर्ची पुढे ओढली आणि आपल्या हाताने विणलेले मोजे त्यांच्या ओल्या पायांत घातले.

पण घरी येताना आत्याबाई वाटेत थांबल्या. "हेलमाबाई बोलली ते बरोबर असंल," त्या म्हणाल्या, "पन गाव म्हनतंय ते बी खोटं असं कशावरनं? बाळ जगलं तर मी मानीन. तवर ह्यो नारळ फोडनार न्हाई. आनि दुसराबी न्हाई."

त्यांनी तो शब्द पाळला. आमच्या घरातलं खोबरं बंद झालं. आमटी पांढरी फटक, चटणी शेंगदाण्याची. रणजित कुरकुरला तेव्हा त्याला उत्तर मिळालं, "तुला बाळंतपन करावं लागतंय का? मग गप जेव." कोल्हा पुन्हा आला नाही, निदान हेल्मीच्या दुर्बिणीला दिसला नाही. ढीग तसाच राहिला, मुका, पांढरा. आत काय चाललंय याचा बाहेर पत्ता नाही.

एप्रिलात व्हिसा संपला. तळं अजून गोठलेलं होतं. हेल्मी विमानतळापर्यंत आली, तीन तास गाडीत बसून, आणि निघताना तिने आत्याबाईंचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि सोडेचना. सामानाची तपासणी झाली तेव्हा आत्याबाईंच्या पिशवीतून हिरव्या खणात गुंडाळलेला नारळ निघाला. तपासणाऱ्याने मला विचारलं, हे काय. मी म्हटलं, जपून ठेवा, त्यात एक बाळ अडकलंय. त्याने नारळ कानाशी हलवून बघितला आणि परत दिला.

दोन आठवड्यांनी ढीग कोसळला. पाहणी करणाऱ्यांना आत खोली सापडली, खालच्या बर्फावर करडी लव चिकटलेली. म्हणजे हिल्लाने खोली घेतली होती, पिल्लूही झालं होतं. ते जगलं का, हे मात्र ऊन पडल्यावरच कळणार होतं. मी आत्याबाईंना फोनवर सांगितलं. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "डोळ्यानं बघितल्याबिगार सांगू नको."

मेमध्ये पाणी मोकळं झालं. सील तेव्हा खडकांवर येऊन ऊन खातात. एका दुपारी हेल्मीने मला होडीत घातलं. खाडीच्या मध्यावर आल्यावर तिने वल्ही उचलून धरली आणि लांबच्या एका सपाट खडकाकडे बोट केलं.

हिल्ला पडली होती, मोठी, तुपकट, निवांत. अंगावरची कडी उन्हात चमकत होती. तिच्या मागून काहीतरी करडं, गुबगुबीत वर चढलं, घसरलं, पुन्हा चढलं आणि तिच्या अंगाला टेकून पसरलं. त्याने नाक वर केलं आणि जांभई दिली.

हेल्मीच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. तिने लांब भिंगाच्या कॅमेऱ्यातून फोटो काढले, मी त्यातला एक फोनवर घेतला, आत्याबाईंना पाठवला आणि लगेच फोन लावला.

"बघितलं?" मी कुजबुजले.

पलीकडे म्हैस हंबरली.

"लई ग्वाड हाय गं," आत्याबाई म्हणाल्या. "हेलमाबाईसारखंच हाय, गोलमटोल. थांब. फोन ठिवू नको."

पावलं वाजली, दार वाजलं. फोन कुठेतरी दगडावर ठेवल्यासारखा आवाज आला. आणि मग खाड्कन असा आवाज आला की हेल्मी होडीत दचकली. खडकावरची दोघं मात्र ढिम्म हलली नाहीत.

"काय फुटलं?" हेल्मीने विचारलं.

"नारळ," मी म्हटलं.

तेवढ्यात आत्याबाई फोनवर आल्या, धापा टाकत. "नासला न्हाई बग! मला वाटलं हुतं नासका निगतोय. सगळा वाळून गोटा झालाय, खडीसाखरंसारखा. गल्लीत वाटतो आता. हेलमाबाईला सांग, तिचा वाटा ठिवतो."

मी हेल्मीला सांगितलं. ती म्हणाली, "यो, यो."

"आनि आयक," आत्याबाई म्हणाल्या. "त्यो हिरवा खन धुऊन ठिवलाय. म्होरल्या दारच्या वत्सलाच्या सुनंला सातवा लागलाय. उद्या तिची ओटी भरत्यात. मीबी जानार हाय."

"स्वयंपाकाला?"

"न्हाई. भरायला."

"आणि कुणी काही म्हणालं तर, आत्याबाई?"

"म्हनू द्यात की," त्या म्हणाल्या. "फोटो हाय न्हवं फोनात. दावतो."